खारवेळीचा पेरिक्लीज

रविवार, ५ ऑक्टोबर. रोहा.

पेणच्या वाचनालयाच्या सचिवांचा आज पुन्हा फोन. व्याख्यानमालेत माझी तारीख दोन नोव्हेंबर ठरली आहे. विषय मी महिन्यापूर्वीच कळवला होता, 'प्राचीन अथेन्सचे लोकनेते आणि सेनापती'. आज गृहस्थ विचारतात, "सर, यात आपल्याकडचं काही आणता येईल का? लोकांना जरा जवळचं वाटेल." मी म्हटलं, अथेन्स अडीच हजार वर्षं लांब आहे, ते पेण-खोपोली रस्त्यावर कुठून आणू? ते खूप हसले. मी विनोद केला नव्हता.

रोह्याच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता डोक्यावरचे केस गेले. पोरांना परीक्षेपुरता पेरिक्लीज लागतो, पुढे कुणाला काही देणंघेणं नाही. खरं तर माणूस बघावा तर तो. शत्रू चाल करून आला तेव्हा सगळं अथेन्स लढायला उतावीळ झालं होतं. हा एकटा शांत. शेतं जाळू देत, म्हणाला, तुम्ही भिंतीच्या आत या, आपली भिंत आणि आपलं आरमार शाबूत आहे तोवर आपण हरत नाही. लोकांनी शिव्या घातल्या, तरी ढळला नाही. आणि तो गेल्यावर लोकांनी डोक्यावर कुणाला घेतलं? क्लिऑनला. चामड्याचा कारखानदार. सभेत हातवारे करून ओरडायचं, एवढंच त्याचं भांडवल.

बायकोला, अनिताला हे जेवताना सांगत होतो. ती म्हणाली, "भात थंड होतोय."

बुधवार, ८ ऑक्टोबर. खारवेळी.

सकाळी कॉलेजला निघताना वहिनीचा फोन. "दत्तू, खांड परली रं. पानी शेतान शिरतंय." मग नुसता माणसांचा गलका.

तसाच स्कूटर काढून निघालो. नागोठण्याला पेट्रोल भरलं, वडखळपर्यंत धूळ खाल्ली आणि अकराला गावात पोचलो. कोजागरीच्या उधाणाने उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, बाजूचा बांध फोडला आहे. बैलगाडी आडवी जाईल एवढं तोंड पडलंय आणि खाडीचं पाणी भातात. भात नुकतं पिवळं पडायला लागलेलं, दिवाळी झाली की कापणी. खांडीच्या समोरच वहिनीचं शेत.

वहिनी म्हणजे इंदुबाई, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून तीच ते शेत करते. मला नोकरी लागल्यावर माझा हिस्सा मी भावाच्या नावे करून दिला, त्यामुळे माझ्या नावावर आता तिथे वीतभर जमीन नाही. तरी वर्षाचा तांदूळ आमच्याकडे तिच्याच शेतातून येतो. आज ती गुडघाभर पाण्यात उभी होती. रडत वगैरे नव्हती. वाकून एकेक लोंबी हातात घेऊन बघत होती, कणसात दाणा भरलाय की नाही.

बांधावर अर्धं गाव जमलं होतं आणि त्यात निकेश घरत. हा आमच्या गावचा मोठा माणूस. मांडव आणि साउंड सिस्टीम भाड्याने देतो आणि तालुकाभर कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन करतो. माईक नसला तरी आवाज तेवढाच. मला बघितल्याबरोबर, "आले! अध्यक्ष आले! आता खांड घाबरून पलंल!" लोक हसले. पाणी घरात यायची वेळ आली तरी या गावाला हसायला जमतं.

बांध समितीचा मी अध्यक्ष आहे. शिकलेला आहे, साहेब लोकांशी बोलता येतं, म्हणून गावाने तीन वर्षांपूर्वी एकमताने केलं होतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. खारवेळी.

रात्री वहिनीकडेच राहिलो. आज देवळासमोर सभा.

आमच्याकडे खांड पडली की जुनी रीत आहे. घरटी एक माणूस बांधावर येतो. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतं, ती भांगाची ओहोटी साधायची, दोन्ही बाजूंनी खुंट ठोकायचे, मधे पेंढा आणि पोती टाकायची आणि चिखलाचे गोळे हातोहात देत तोंड बंद करायचं. चार दिवसांनी भांग आहे. निकेश म्हणाला, "भांगाला बांदून टाकू. नाय तर दिवालीच्या आवसेला सगला भात खारान जाईल."

टाळ्या. लोकांचं काय, टाळ्या वाजवायला निमित्त हवं.

मी उभा राहिलो. शांतपणे सांगितलं की हे दरवर्षीचं ठिगळ पुरे झालं. इथे दगडी बांध व्हायला हवा. तो मंजूर व्हायचा तर खारभूमी खात्याच्या साहेबांनी खांड डोळ्यांनी बघायला हवी, पंचनामा व्हायला हवा. आपण आधीच बुजवून टाकली तर साहेब काय बघणार? गुळगुळीत बांध? एक हंगाम सोसा, पोरानातवंडांचं कल्याण होईल. मग पेरिक्लीजचं उदाहरणही दिलं, थोडक्यात.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ऐकलं. माझ्या शब्दाला अजून वजन आहे. पंचनामा होईपर्यंत बांधाला हात लावायचा नाही असं ठरलं.

घरी येताना वहिनीने विचारलं, "सायेब कवा येतील?"

म्हटलं, येतील दोन-चार दिवसांत.

"भांगाच्या आदी?"

"बघतो ना मी, वहिनी."

मग ती काही बोलली नाही. तिची ही सवय मला फार त्रासदायक वाटते. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं.

बुधवार, १५ ऑक्टोबर. रोहा.

साहेब आले नाहीत. सोमवारी फोन केला, मीटिंगमध्ये. मंगळवारी केला, साइटवर. आज उचलला आणि म्हणाले, दिवाळीनंतर येतो. मी सविस्तर अर्ज पाठवला आहे, खांडीच्या इतिहासासह. यापेक्षा माणूस काय करणार?

गावातून फोनवर फोन. भांग चाललंय, सर, काय करायचं? वहिनीचा मात्र एकही नाही. सगळ्यांना एकच उत्तर दिलं, शिस्त ठेवा, धीर धरा.

व्याख्यानाचं लेखन मात्र जोरात आहे. आज निकिअस या सेनापतीवर लिहिलं. सज्जन, श्रीमंत, सावध माणूस. सिसिलीच्या मोहिमेत सैन्य पुरतं अडकलं होतं, निसटून जायला एक संधी उरली होती आणि नेमकं चंद्रग्रहण लागलं. ज्योतिषी म्हणाले, तीन नव्वे सत्तावीस दिवस हलू नका. हा गृहस्थ थांबला! सगळं सैन्य, सगळं आरमार बुडालं आणि स्वतःही मारला गेला. केवळ एका मुहूर्ताची वाट बघत बसल्यामुळे. या परिच्छेदात मी उपरोध चांगला साधलाय. 'आकाशाकडे बघत बसणाऱ्या सेनापतीला पायाखालचं पाणी दिसत नाही' हे वाक्य अनिताला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "वाक्य छान आहे. इंदुवहिनींना फोन केलात का आज?"

बायकांना विषय बदलण्याची खोड असते.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज. खारवेळी.

काय लिहायचं.

काल-परवाच्या उधाणाने खांड दुप्पट झाली. वहिनीचं खालचं शेत गेलं. भात आडवं होऊन पाण्यात झोपलंय. पाणी ओसरलं की पाती भाजल्यासारखी लाल दिसतात. तीन पावसाळे धुतल्याशिवाय त्या मातीत आता काही धड येणार नाही. वरचं शेत अजून उभं आहे. ते हिरवट असतानाच कापायला घेतलंय. विळा वहिनीच्या हातात आणि तिच्या जोडीला शेजारची गिरजाबाई.

मी मदतीला शेतात उतरलो तर गिरजाबाई म्हणाली, "सर, तुमी बसा बांदावर. तुमच्या पँटीला चिखल लागंल." टोमणा होता की काळजी, कळलं नाही. या गावात दोन्ही एकाच आवाजात करतात.

वहिनीला म्हटलं, वहिनी, पंचनामा झाला की नुकसानीचं बघू. ती म्हणाली, "व्हय." आणि कापत राहिली. जेवायला बसवलं तेव्हा माझ्या ताटात भात वाढला, गेल्या वर्षीचा. राग नक्की कुणाचा येत होता सांगता येत नाही. साहेबाचा आला, उधाणाचा आला, बांधावर उभं राहून मोठमोठ्याने "मी सांगितला व्हता!" म्हणणाऱ्या निकेशचा तर फारच आला.

रविवार, २६ ऑक्टोबर. खारवेळी.

आज जे केलं त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटावीशी वाटते. सविस्तर लिहितो.

पुन्हा सभा. कार्तिकी पौर्णिमेचं उधाण दहा दिवसांवर. तेवढ्यात खांड बुजली नाही तर वरची शेतंही जातील आणि कापून रचलेल्या भाताच्या उडव्याही भिजतील. लोक तापलेले. निकेश उठला. "ही काय अध्यक्षगिरी हाय? मी असतो ना त्या जाग्यावर, एका ओहोटीत खांड बंद करून दाखवली असती! एका ओहोटीत!"

टाळ्या, शिट्ट्या.

आणि मला अथेन्स आठवलं. अगदी हाच प्रसंग! स्पार्टाचे सैनिक एका बेटावर कोंडलेले, वेढा रेंगाळलेला, आणि क्लिऑन सभेत ओरडतोय की सेनापती मर्द असते तर बेट केव्हाच घेतलं असतं, मी असतो तर घेतलंच असतं. तेव्हा सेनापती होता हाच निकिअस. तो म्हणाला, मग घे ना माझं पद, जा. क्लिऑन मागे सरायला लागला. लोक ओरडायला लागले, जा, जा! शेवटी त्याला जावंच लागलं. शहाण्यांना त्याचा आनंदच झाला. जिंकला तर बेट मिळालं आणि हरला तर क्लिऑनची कटकट गेली.

मी उठलो. म्हटलं, "निकेश, हे घे अध्यक्षपद. खांड बंद होईपर्यंत तूच अध्यक्ष. कर एका ओहोटीत."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "आवो सर, मी आपला बोललो... तुमी असताना मी कशाला..."

"नाही नाही. गावाला विचारू." मी लोकांकडे वळलो. गाव एका सुरात ओरडलं, "निकेश! निकेश!" पोरं तर नाचायलाच लागली. तो जितका हात हलवून नको नको म्हणत होता तितका आवाज वाढत होता.

शेवटी त्याने कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "बरं. भांगाला. गुरवारी."

आज रात्री मला छान झोप लागणार.

सोमवार, २७ ऑक्टोबर. रोहा.

साहेबांचा फोन. आज पेणहून येऊन खांड बघून गेले म्हणे. मी अदबीने म्हटलं की आपण आधी आला असतात तर बरं झालं असतं, आम्ही पंचनाम्यासाठी बांधाला हात लावला नाही.

"अहो प्राध्यापक, तात्पुरतं बांधून घ्यायला कोणी अडवलं होतं? फोटो काढायचे आणि बांधून टाकायचं. फोटोवर होतं सगळं."

"हे आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुमच्या अर्जात तर खांडीचा इतिहास होता."

फोन ठेवला. हे कुणाला सांगण्यात अर्थ नाही. प्रशासनाच्या अशा ढिसाळपणावर खरं तर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

संध्याकाळी जेवलो नाही. अनिताला पित्त झालंय म्हणून सांगितलं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर. खारवेळी.

मी फक्त बघायला जाणार होतो. दिवाळीची सुट्टी आहे, घरात बसून काय करायचं. अनिता आपणहून स्कूटरवर मागे बसली, जुनी साडी नेसून. विचारलं तर म्हणाली, "घरटी एक माणूस लागतो ना? इंदुवहिनींच्या घरचं कोण आहे?"

ओहोटीला पोचलो. घरटी एक कसला, घरटी दोन-तीन माणसं होती. बायका होत्या. मुंबईला कंपनीत शिफ्ट करणारी पोरं रजा टाकून आली होती. माझ्या तीन वर्षांत मी कधी बांधावर एवढी माणसं बघितली नाहीत. कशी येतील? मी व्हॉट्सॲपवर सूचना टाकायचो. हा गृहस्थ तीन दिवस रिक्षाला भोंगा लावून वाडीवाडीत ओरडत फिरला.

कामाचं नियोजन म्हणावं तर शून्य. पोती कमी पडली, खुंट आखूड निघाले, निकेशने दोनदा चुकीच्या बाजूला पेंढा टाकायला लावला आणि दोनदा लोकांनी शिव्या घालून तो काढला. मी वर उभा राहून बघत होतो आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

मग रांग लागली. खणलेल्या खड्ड्यापासून खांडीच्या तोंडापर्यंत दोन रांगा, चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात. तासाभरात कंबरा मोडल्या, रांग मंदावली. भरती कधी लागेल याकडे सगळ्यांचे डोळे. तेव्हा निकेशने टेम्पोवरचा माईक हातात घेतला.

"आणि चढाईला चाललाय चिखलाचा गोला! गिरजाबाईंच्या हातून इंदुबाईंच्या हातात... इंदुबाईंची काय ती पकड! इंदुबाईंनी टाकला अनितावैनींकडे... रोह्याची पावनी, पन पाय बगा कसं रोवलंत! आरे मितेश, गोला हाय का लाडू हाय, मोठा घे! खाडीचा संघ दमला, मंडली, खाडीचा संघ दमला!"

लोक हसत होते, ओरडत होते आणि हात चालत होते. बायका "पकर गो, पकर!" करून एकमेकींना चिडवत होत्या. वहिनी हसत होती. महिनाभरात तिला हसताना बघितलं नव्हतं. दात मातीने भरलेले आणि हसतेय.

मग माईकवरून, "आणि राखीव खेलाडू म्हणून मैदानाबाहेर उभं हायत प्राध्यापक दत्तात्रेय मोकल सर! सर, खांदा मोकला करा! इंदुबाईंच्या शेजारी जागा हाय!"

सगळं गाव माझ्याकडे वळून बघायला लागलं. असा सार्वजनिक आगाऊपणा मला अजिबात खपत नाही. पण उभं राहणं अधिकच वाईट दिसलं असतं, म्हणून चपला काढून उतरलो. पहिला गोळा माझ्या छातीवर आपटला. "सरांनी पकडला! छातीवर झेलला! टाल्या!" दुसरा निसटून पायावर पडला, तोही त्याने गावाला सांगितला.

पुढे मोजायचं सोडून दिलं. एका बाजूला वहिनी, एका बाजूला अनिता. वहिनी गोळा देताना दर वेळी "घे" म्हणायची. एवढंच.

भरती लागली तेव्हा तोंड बंद झालं होतं. पाणी बांधाला येऊन टेकलं आणि तिथेच थांबलं.

एका ओहोटीत. मला ते मुद्दाम इथे लिहून ठेवायला लागतंय, कारण क्लिऑननेही म्हटल्याप्रमाणे वीस दिवसांत बेट घेतलं होतं. हा भाग मी व्याख्यानातून गाळायच्या विचारात होतो.

अंग असं दुखतंय की पेन धरवत नाही.

रविवार, २ नोव्हेंबर. रोहा.

व्याख्यान झालं. चाळीसएक डोकी असतील म्हणून गेलो तर सभागृह भरलेलं. निम्मं खारवेळी! निकेश टेम्पो भरून घेऊन आला होता. "आपल्या सरांचा भाषन हाय," म्हणून भोंग्यावर सांगितलं म्हणे. सचिव आनंदाने वेडे झाले होते. मला मात्र घाम फुटला, कारण मजकुरात क्लिऑनवर तीन पानं होती आणि क्लिऑन पहिल्या रांगेत बसला होता, इस्त्रीच्या शर्टात.

बोललो. वाचताना काही विशेषणं आयत्या वेळी गाळली. निकिअसचं ग्रहणाचं वाक्य आलं, आकाश आणि पायाखालचं पाणी, तेव्हा वाटलं होतं लोक हसतील. कोणी हसलं नाही. खारवेळीकरांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. मी पाणी प्यायलो.

शेवटी प्रश्नोत्तरं. सचिव म्हणाले, विचारा, विचारा. वहिनी उठली. आयुष्यात पहिल्यांदा सभागृहात आली असेल, पदर घट्ट धरून उभी.

"दत्तू, तो पयला तू सांगितलास ना, शेतां जलू द्या म्हनाला तो. त्याचा सोताचा शेत व्हता का त्यात?"

प्रश्न उत्तम होता. मी सांगितलं, होतं. त्याने आधीच जाहीर केलं होतं की शत्रूने माझी जमीन जाळायची सोडली तर ती मी नगराला देऊन टाकीन.

"मंग बरोबर हाय," वहिनी म्हणाली आणि खाली बसली.

पुढचा प्रश्न कोणी विचारला आणि मी काय उत्तर दिलं, आठवत नाही. सचिवांनी नारळ दिला. निकेश भेटायला आला, म्हणाला, "सर, तो चामरेवाला भारी व्हता. पुरं काय झाला त्याचा?" म्हटलं, पुढच्या एका लढाईत मेला, स्वतःला फार मोठा सेनापती समजायला लागला होता. तो जोरात हसला. "म्हंजे मी जपून र्‍हायला पायजे!" आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

म्हणजे त्याला कळलं होतं. पहिल्यापासून कळत होतं, आणि तरी टेम्पो भरून आणला. या माणसावर रागावण्याची सोय नाही, हे किती चीड आणणारं आहे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. रोहा.

पौर्णिमेचं उधाण येऊन गेलं. बांध टिकला. वहिनीची वरची उडवी कोरडी आहे. हे मला गिरजाबाईच्या फोनवरून कळलं. साहेबांनी दगडी बांधाचा प्रस्ताव पाठवला असंही ऐकतो, निकेशने काढलेल्या फोटोंसह.

परवा सभा आहे. अध्यक्षपद खांड बंद होईपर्यंतच दिलं होतं, तेव्हा ते परत माझ्याकडे यायला हवं. तरी काही लोक चिठ्ठ्या टाका म्हणतात. टाकू देत. दगडी बांधाच्या कागदपत्रांना शिकलेला माणूस लागणारच, एवढं गावाला कळत असेल.

रविवार, ९ नोव्हेंबर. रोहा.

आज जे झालं त्याची नोंद व्हायलाच हवी, कारण तो सरळसरळ नियमभंग होता.

देवळासमोर चिठ्ठ्या वाटल्या. बांधाखाली शेत असलेल्या घराला एक आणि मावळता अध्यक्ष म्हणून मला एक. मी माझं नाव लिहिलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, उमेदवाराने स्वतःला मत द्यावं असं सगळीकडे आहे. घडी घालतोय तोच वहिनी शेजारी येऊन बसली. चिठ्ठी माझ्यापुढे केली.

"चष्मा घरी र्‍हायला. तूच लिव."

"कुणाचं नाव?"

"निकेशचा."

अथेन्समध्ये लोक एखाद्याला नगराबाहेर घालवायचं तर खापरीवर त्याचं नाव लिहीत. ॲरिस्टायडीज नावाच्या अतिशय सचोटीच्या पुढाऱ्यापुढे एका अडाणी शेतकऱ्याने अशीच खापरी धरली आणि त्याचंच नाव लिहायला सांगितलं. त्याने मुकाट्याने लिहून दिलं. मीही लिहिलं. पण त्याने कारण विचारलं होतं, म्हणून मीही विचारलं.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"तू हुशारच हायस, दत्तू. तुझ्या दादाला केवरा अभिमान व्हता तुझा. पन बांदाला हाक मारनारा मानूस लागतो. तू सांगत व्हतास थांबा, आनि आमी थांबलो. तुझा ऐकून थांबलो रं, मी सगल्यांच्या आदी."

मी तिची चिठ्ठी घडी करून तिच्या हातात दिली. माझी मतांच्या पिशवीत टाकली.

मोजणीला निकेशच. हेही बेकायदा, उमेदवारच कशी मोजणी करतो? पण माईक त्याचा. एकेक चिठ्ठी उघडून वाचत गेला. निकेश घरत, निकेश घरत, निकेश घरत. लोक दर वेळी ओरडायचे. मग एक चिठ्ठी उघडली आणि तो थांबला. हा माणूस माईक हातात असताना थांबलेला मी पहिल्यांदा बघितला. कागद ओळखीचा होता, मी हिरव्या शाईने लिहितो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली आणि पुढची उघडली. ती शेवटची होती.

"मंडली!" माईकवर म्हणाला, "आपल्या मोकल सरांच्या आशीर्वादाने, बिनविरोध!"

बिनविरोध कसलं? एक मत विरोधात होतं! ते पिशवीत पडलं होतं, त्याने उघडून वाचलं होतं, आणि सगळ्या गावादेखत गाळलं. मी आक्षेप घ्यायला उठलो. अर्धा उभा राहिलो असेन, तेवढ्यात वहिनीने माझा हात धरला.

"बस रं बाला," ती हळूच म्हणाली. "बस."

मी बसलो. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. वहिनीने हात काही सोडला नाही, त्यामुळे मला त्याही वाजवता आल्या नाहीत.